फुलाफुलाच्या गादीचं फिल्टर आणि 48,350 रुपये

लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी आलं होतं आणि आपण अंगणात माशांचं तळं बांधतोय, हे सांगायचीच लाज वाटायची. फसलो ते तर घरातसुद्धा आठवडाभर बोललो नाही. पण तळं बांधून देणारा तो माणूस अजून गिऱ्हाईकं शोधतोय, म्हणून लिहितोय.

तळं आठ बाय पाच, अडीच फूट खोल. म्हणजे साधारण 2,800 लिटर. अ‍ॅडव्हान्स 20,000, पंप आणि फिल्टरचे 17,500, पंधरा कोई (शोभेचे रंगीत) माशांचे 9,000. सगळे रोख. बिल मागितलं तर "सर, जीएसटीचं पुढच्या आठवड्यात करू." ते तर नेहमीचंच, मला माहीत होतं. तरी दिले.

खरी चूक फिल्टरच्या ड्रमपाशी झाली. झाकण उघडलं तर आत गादीचा फोम. एका कडेला फुलाफुलाचं कापड अजून चिकटलेलं! मी बघितलं. हातही लावला. तो म्हणाला, "सर, हा जपानी मीडिया आहे." म्हणजे फिल्टरमधलं गाळण. शेजारचे दोघं उभे होते, त्यांना मी नुकतंच सांगितलं होतं की सगळा अभ्यास करून काम देतोय. मान डोलावली. तुम्ही काय केलं असतं?

त्याच दिवशी पंधराच्या पंधरा मासे सोडले. पिशव्या पाण्यात तरंगत ठेवून तापमान सारखं होऊ द्यायचं असतं, तेही नाही. फिल्टरमध्ये माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो, तोवर दोन-तीनच मासे ठेवावेत. आणि एका कोईला हजारेक लिटर पाणी हवं. आमच्या तळ्यात दोन-तीनच मावले असते. हे मला नंतर कळलं. त्याला आधीच माहीत असणार.

चौथ्या दिवशी पहिला मासा तरंगला. फोन केला तर औषधाचे आणखी 1,850 घेतले. बाराव्या दिवशी दोनच मासे उरले. नंतर फोन बंद. पंपाच्या खोक्यावर तासाला 3,000 लिटर छापलंय. पंधरा लिटरची बादली भरायला दीड मिनिट लागलं. म्हणजे 600. दोन तासांत तळ्याचं सगळं पाणी एकदा तरी फिल्टरमधून फिरायला हवं. पैसे द्यायच्या आधी बादली लावा.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब हसले. "मासे मेले म्हणून गुन्हा?" दिवाणी आहे, ग्राहक आयोगाकडे जा. तिथल्या बाबूने विचारलं, माणूस कुठला? पुण्याचा म्हटल्यावर "मग पुण्याला टाका." दोन चकरा, एक रजा. शेवटी वकील मेहुण्याने कायदा दाखवला: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथेच दावा टाकता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. खिडकीवर बसलेल्याला हे माहीत नसावं? की सांगायचा कंटाळा? कागद घेतले, पावती द्यायला अकरा दिवस लावले. त्यातही बिल नसल्याने सगळी भिस्त व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटवर. चॅट डिलीट करू नका.

डासांसाठी गप्पी हवे असतील तर आरोग्य विभागाकडून फुकट मिळतात. यूव्ही दिवा लावला की झालं, असं कुणी म्हटलं तर त्याला दार दाखवा. त्याने हिरवं पाणी निवळतं, अमोनिया जात नाही.

काल भाच्याने त्याचं स्टेटस दाखवलं. "आमचं नवं काम", आणि खाली पहिल्या दिवशीचं आमचं तळं, पंधरा मासे. काठावर कासव कोरलेली फरशी दिसली तर ओळखा, ते आमचंच अंगण आहे.