संगीताची पदवी की गुरूंकडे विशारद?

बारावी झालेली माझी भाची नाशिकमध्येच गुरूंकडे शिकत राहावे, की बाहेरगावच्या लिबरल आर्ट्स (मुख्य विषयासोबत इतर अनेक विषय शिकवणाऱ्या) महाविद्यालयात संगीताची पदवी घ्यावी, या पेचात आहे. खर्चात तुलनाच नाही: तेथे शुल्काबरोबर वसतिगृहही आले, येथे गुरूंची फी आणि विशारदपर्यंतच्या संगीत परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचे परीक्षाशुल्क. मुदतीचे मात्र उलटे: पदवी तीन-चार वर्षांची, तर येथे प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा, म्हणजे वाट अधिक लांबची. रियाजाचा प्रश्न अधिक नाजूक आहे: इतिहास, तत्त्वज्ञान, ध्वनिशास्त्र यांचे निबंध लिहिताना पहाटेचा तानपुरा मागे पडतो, मात्र संगीताकडे चिकित्सकपणे पाहण्याची सवय त्याच निबंधांतून लागते. (थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनीही १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत वर्गात आणलेच होते.) मैफलीत गायचे असेल तर गुरू सोडू नयेत आणि पदवी दुसऱ्या विषयाची घ्यावी, संशोधन, लेखन किंवा अजून न ठरलेली वाट हवी असणाऱ्यांनी महाविद्यालय निवडावे.