स्वस्त माल्टच्या नावाने कच्चे जव! गोव्यात घरी बिअर करणाऱ्यांनो, पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

म्हापसा, पर्वरी, डिचोलीकडे घरी बिअर करणारे जे कोण आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण आम्हाला माल्ट (मोड आणून भट्टीत सुकवलेले जव, ज्यापासून बिअर होते) सांगून कच्चे जव विकणारा माणूस आता दुसऱ्या नंबरवरून परत मेसेज टाकायला लागलाय.

मेसेज असा, की एक ब्रूपब (स्वतःची बिअर तिथेच करून विकणारा पब) बंद पडलाय, इम्पोर्टेड पेल (फिकट रंगाच्या) माल्टच्या सीलबंद गोण्या पडून आहेत, ७० रुपये किलो, २५ किलोची अख्खी गोणी घ्यावी लागेल, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) पण आहेत. आता ज्याला माहितीये त्याला माहितीये की सुटं माल्ट किलोला दीडशेच्या आसपास पडतं आणि वर गोव्यापर्यंतचं कुरियर, त्यामुळे चारजणांत मिळून गोणी घेणं ही आपली नेहमीची पद्धत आणि ती चांगलीच आहे. आम्ही तशाच तीन गोण्या घेतल्या, ५२५० रुपये, अर्धा किलो हॉप्सचे ९०० आणि बसच्या पार्सलचे ६००. माणूस बोलायला एकदम गोड, मॅशचं (दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवतो त्याचं) टेंपरेचर किती ठेवता वगैरे स्वतःहून विचारायचा, गोणीचे फोटो मागितले तर लगेच पाठवले, लेबल, लॉट नंबर सगळं दिसत होतं.

गोणी खरीच होती. आतला माल बदललेला होता!

हे कळलं ते दळताना. माल्ट हाताच्या चक्कीत कुरकुर करत फुटतं, इथे हँडलच फिरेना, दाणा दगडासारखा. तरी वाटलं वेगळ्या जातीचं असेल. ६६ डिग्रीला तासभर मॅश ठेवला, तर गोडाचा वाससुद्धा नाही, नुसती चिकट पेज, गाळायला घेतली तर थेंब थेंब पडायला लागली. आयोडिनचा थेंब टाकला तर काळानिळा, म्हणजे स्टार्च जसाच्या तसा. हायड्रोमीटर, म्हणजे पाण्यात साखर किती उतरली ते मोजायची नळी, १.०१५ दाखवत होता, जिथे १.०४८ च्या आसपास यायला पाहिजे होतं. आईने मूठभर दाणे हातात घेतले आणि म्हणाली, "अरे हे जव रे, होमाला आणतो ते."

तरी त्या माणसाने ऐकलं नाही, म्हणे तुमची पद्धत चुकली. मग मूठभर दाणे भिजवून मटकीसारखे फडक्यात बांधून ठेवले, आणि थोड्याच दिवसांत मोड आले. माल्ट भट्टीत सुकवलेलं असतं, त्यातला कोंब मेलेला असतो, त्याला मोड येतच नाहीत. यापेक्षा पक्का पुरावा नाही! मोडांचा व्हिडिओ पाठवला आणि त्याने सगळ्यांना ब्लॉक केलं.

हिशोब बघा, २०२५-२६ च्या रब्बी पणन (खरेदी) हंगामाला जवाचा हमीभाव क्विंटलला १९८० रुपये होता, म्हणजे किलोला २० सुद्धा नाही, आणि तेच धान्य आमच्या गळ्यात ७० ने मारलं. कच्च्या जवात स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स पुरेशी नसतात, ती मोड आणताना तयार होतात, म्हणून कितीही तास शिजवा, बिअर होणार नाही.

गोणी नंतर नीट बघितली. कंपनीची शिवण मशीनची असते, एक दोरा ओढला की सरसर उसवते. आमच्या गोण्यांना हाताने सुतळी घातलेली आणि तिच्या बाजूला जुन्या शिवणीची बारीक भोकं रांगेने रिकामी दिसत होती. फोटो मागायचाच तर या शिवणीचा जवळून मागा.

आणि माल हातात आला की आधी एक दाणा चावा. माल्ट कुडुम करून फुटतं, आत पांढरं पीठ, जिभेवर गोडसर लागतं. जव दाताला हलत नाही. म्हापशाच्या बाजारात आपण काजूसुद्धा चाखल्याशिवाय घेत नाही, मग इथे पूर्ण पैसे आधी का द्यायचे? किलोभर सँपल मागवायचं, नाही म्हणाला तर विषय संपला. फोडलेलं माल्ट तर स्वस्तात घेऊच नका, आपल्या पावसाळी हवेत ते लगेच मऊ पडतं आणि आत काय मिसळलंय कळत पण नाही.

हॉप्सचं थोडक्यात, साध्या झिपच्या पिशवीत आले, तपकिरी, आणि वास जुन्या चीजचा. चांगली पेलेट (हॉप्सची दाबून केलेली गोळी) हिरवी असते, बोटात चुरली की चिकट लागते. हॉप्स व्हॅक्यूम पॅक असले तरच घ्या आणि फ्रीझरमध्ये ठेवा. पैसे वाचवायचेच असतील तर यीस्टवर वाचवा, आधीच्या बॅचच्या तळाचा गाळ स्वच्छ बरणीत, फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या बॅचला चालतो, दरवेळी नवीन पाकीट लागत नाही.

सगळ्यात राग याचा येतो की हा माणूस धरूनच चाललाय की घरी बिअर करणारा तक्रार करायला घाबरणार. माल्ट हे धान्य आहे, दारू नव्हे, आणि धान्य सांगून दुसरंच धान्य दिलं ही सरळ फसवणूक आहे. आम्ही १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेला यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट दिले. पैसे अजून आलेले नाहीत. पण फोन पैसे गेल्या गेल्या केला तर ते पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून मालाची वाट बघत बसू नका, संशय आला की लगेच लावा.

ज्यांना हा ब्रूपब बंद पडल्याचा मेसेज आलाय त्यांनी नंबर आणि यूपीआय आयडी जपून ठेवा, डिलीट करू नका, आणि मला कळवा. जितक्या जणांच्या तक्रारी एका आयडीवर जातील तितकं चांगलं, शिवणीचे आणि मोडांचे फोटो मी देतो.