.३२ च्या जादा राउंडसाठी सहा घरांचं चामडी पाकीट

परवान्याचं .३२ रिव्हॉल्वर शर्टाखाली कमरेला लावणारे लोक होल्स्टर निवडताना चार दुकानं फिरतात, आणि जादा सहा राउंड (काडतुसं) पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर सोडून देतात. घात तिथेच होतो. .३२ लाँगच्या गोळीचं शिसं बहुधा उघडं असतं आणि त्याला मेणकट लेप असतो. खिशातली कापसाची लव, माती, निपाणी भागात तंबाखूची भुकटी, सगळं त्याला चिकटतं. असं काडतूस सिलिंडरच्या घरात पुरतं बसत नाही. बुडाची कड केसभर वर राहते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो.

यावर आम्हाला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे पट्ट्यात ओवायचं, झाकणाचं, सहा घरांचं चामडी पाकीट. होल्स्टर शिवणारा कारागीर तेही शिवून देतो. लांबी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, जाडी अंगठ्याएवढी. सैल शर्टाखाली ते दिसत नाही आणि सहा राउंडचं वजनही जाणवत नाही.

मापात चूक झाली की पाकीट वाया जातं. काडतुसाचं अंग सुमारे ८.६ मिमी, बुडाची कड ९.५ मिमी, एकूण लांबी साधारण ३२.५ मिमी. दोन घरांच्या मध्यांत ११ मिमीपेक्षा कमी अंतर ठेवलं तर कडा एकमेकींवर चढू शकतात. मापासाठी कारागिराकडे जिवंत राउंड ठेवून येऊ नका, त्याच्याकडे परवाना नसतो. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळीही देऊ नका, ती बार होताना फुगलेली असते आणि तिच्या मापाची घरं नव्या राउंडला ढिली होतात. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर अ‍ॅल्युमिनियमच्या सहा साध्या खुंट्या उतरवून घ्या, अंग आणि कड वरच्या मापाची. त्या खुंट्या घालून चामडं ओलं करायचं आणि तसंच सावलीत दोन दिवस वाळू द्यायचं. घर बरोबर बसलं असेल तर पाकीट उलटं करून झटकलं तरी खुंटी पडत नाही आणि दोन बोटांनी ओढली की येते. बूड वर, गोळी खाली. चामडं पुढे थोडं सैलावलं तरी कडेमुळे राउंड आरपार निसटत नाही. झाकणाला टिच बटण हवं. वेल्क्रोचा आवाज होतो आणि वर्षभरात त्यात धागे भरतात.

दोष एकच, पण मोठा. साल-हिरड्यात कमावलेल्या चामड्यातल्या तुरट अर्काने पितळ कळकतं, जसं बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं. खानापूरच्या पावसात तर काही दिवसांतच घराच्या काठाशी पुंगळीवर हिरवा, मेणासारखा थर दिसू लागतो. नखाने खरवडला तर खाली पितळ डागाळलेलं असतं. म्हणून हे पाकीट वागवण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही. रात्री राउंड काढून मूळ खोक्यात, कुलपात ठेवा. आठवड्यातून एकदा कोरड्या सुती फडक्याने पुसा. तेल अजिबात नको, ते काडतुसाच्या बुडातल्या, बार पेटवणाऱ्या टोपीत झिरपलं की बार फुसका जातो. पाकिटातले राउंड सरावाला आधी वापरा आणि जागी खोक्यातले घाला.

पट्ट्यावर ते कुठे असावं? उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने होल्स्टरच्या पुढे, उजव्याच बाजूला. भरताना रिव्हॉल्वर डाव्या हातात जातं आणि उजवा हात राउंड उचलतो. सहाही राउंड एकदम सोडणारा गोल स्पीडलोडर भरायला याहून पुष्कळ जलद, पण तो सिलिंडरएवढा जाड असतो, शर्टावर फुगवटा येतो. राउंड ओळीने खोचून ठेवायची रबरी पट्टी चपटी असते आणि एका वेळी दोन राउंड बसवता येतात. मात्र गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिली की कडक होऊन चिरते. ज्यांना वेग हवा त्यांनी पट्टीच घ्यावी आणि ती तडे बघून बदलत राहावी.

.३२ पिस्तूलवाल्यांना हे पाकीट उपयोगाचं नाही, त्यांना मॅगझिनचं पाकीट लागतं. त्या राउंडची कडही किंचित बाहेर असते. भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेपुढे आहे ना, ते प्रत्येक वेळी पाहा. मागे राहिली तर दोन्ही अडकतात.

जादा राउंडही परवान्यात लिहिलेल्या संख्येतच मोजले जातात, आणि क्षेत्राची अट त्यांनाही लागू आहे. परवान्यावर फक्त कर्नाटक असेल तर कोगनोळीचा टोलनाका ओलांडून महाराष्ट्रात कागलकडे, किंवा बेळगावहून शिनोळीकडे जाताना रिव्हॉल्वर घरी आणि पाकीट पट्ट्यावर, असं चालत नाही. विसरलेला एक राउंडसुद्धा गुन्हा दाखल व्हायला पुरू शकतो. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान पकडायच्या आधी तर बॅगेचा कप्पा न् कप्पा उलटा करावा लागतो. इथे सहा घरांचा फायदा कळतो. झाकण उघडलं की रिकामं घर लगेच दिसतं, आणि हरवलेला राउंड आपण घरातून निघण्याआधी शोधता येतो.