वार्षिक रेटिंग, बेल कर्व्ह की वर्षभराचं बोलणं: मूल्यमापनाची कोणती पद्धत निवडाल?

कंपनी पन्नास-साठ माणसांपर्यंत पोचली की एक प्रश्न टाळता येत नाही: कुणी कसं काम केलं हे ठरवायचं कसं? तोवर सगळा हिशेब मालकाच्या डोक्यात असतो. तो प्रत्येकाला नावानिशी ओळखतो, पगारवाढ अंदाजानं होते आणि तीही बहुतेकांना पटते. मग मधल्या फळीत मॅनेजर येतात आणि 'त्याला बारा टक्के, मग मला आठच का?' या प्रश्नाला कुणाकडेच धड उत्तर उरत नाही.

अशा वेळी समोर तीन वाटा असतात. वर्षातून एकदा प्रत्येकाला रेटिंग द्यायचं. किंवा रेटिंग द्यायचं आणि ते बेल कर्व्हमध्ये, घंटेच्या आकाराच्या वक्रात बसवायचं, म्हणजे वर किती, मध्ये किती, खाली किती हे आधीच ठरवून टाकायचं. किंवा रेटिंगच सोडून मॅनेजरनं वर्षभर ठरावीक अंतरानं बोलत राहायचं. माझं मत आधीच सांगते: सक्तीचा बेल कर्व्ह लहान-मध्यम कंपनीनं घेऊच नये. खरी निवड उरलेल्या दोन वाटांमध्ये आहे. ती कोणती पद्धत नवी यावर करू नका, तुमच्या एकेका मॅनेजरच्या हाताखाली किती माणसं आहेत यावर करा.

बेल कर्व्ह: दुखणं खरं, औषध घातक

ही पद्धत गाजली ती जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीमुळे. जॅक वेल्च १९८१ मध्ये तिथे प्रमुख झाले आणि पुढे त्यांची २०-७०-१० ही विभागणी जगभर पोचली: वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळाचे १०. तळाच्यांनी सुधारायचं, नाहीतर बाहेर पडायचं. यामागचं दुखणं खोटं नव्हतं. मॅनेजरला वाईटपणा घ्यायचा नसतो, म्हणून तो सगळ्यांनाच पाचपैकी चार देऊन मोकळा होतो. मग जिवाचं रान करणाऱ्याला आणि जेमतेम रेटणाऱ्याला सारखीच पगारवाढ मिळते. चांगल्या माणसाला ते कळतं आणि तो निघून जातो.

पण गणित मांडून बघा. टीम सात जणांची असेल तर २० टक्के म्हणजे १.४ माणूस आणि १० टक्के म्हणजे ०.७. हजारो माणसांवर लावायचा वक्र सात जणांवर लादला की कुणीतरी एक जण निव्वळ आकड्यासाठी तळाला जातो. शिवाय कंपनीतली माणसं वाटेल तशी गोळा झालेली नसतात. मुलाखती घेऊन, पारखून घेतलेली असतात. त्यांची कामगिरी घंटेच्या आकारातच पसरेल असं मानायला आधार काय?

ज्यांनी कॅलिब्रेशनच्या मीटिंगा, म्हणजे मॅनेजर एकत्र बसून आपापली रेटिंग जुळवतात त्या बैठका, पाहिल्या आहेत त्यांना पुढचं ठाऊक असेल. पहिला तास कामावर चर्चा होते. तिसऱ्या तासाला 'तुझा एक खाली घे, मी माझा एक वर ठेवतो' सुरू होतं. आणि तळाला कोण जातं? बऱ्याचदा बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली, चार महिन्यांपूर्वी रुजू झालेला, ज्याचा मॅनेजर बदललाय तो. त्यांचं काम वाईट असतं म्हणून नव्हे, त्यांची बाजू मांडणारं त्या खोलीत कुणी नसतं म्हणून. माणसांवर होणारा हा उघड अन्याय आहे आणि तो पद्धतीच्या नावाखाली होतो, म्हणून जास्त टोचतो.

फोर्डनं सक्तीच्या श्रेणी लावल्या, वयाच्या भेदभावावरून कर्मचाऱ्यांनी दावे ठोकले आणि २००१ मध्ये ती पद्धत मागे घ्यावी लागली. मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २०१३ मध्ये ती बंद केली. शेजारचा खाली गेला तरच मी वर जाणार असेन, तर मी शेजाऱ्याला मदत का करू, ही तिथल्या टीकेतली मुख्य गोष्ट होती.

मोठ्या कंपनीत वक्राचा एकच रास्त उपयोग मला दिसतो, तो म्हणजे शंका विचारण्यापुरता. एखाद्या विभागात ८० टक्के लोकांना सर्वोच्च रेटिंग मिळालं असेल तर त्या विभागप्रमुखाला बोलावून कारण विचारावं. कारण पटलं तर रेटिंग तसंच राहू द्यावं.

साधं वार्षिक रेटिंग: कागद भक्कम, माप कच्चं

या पद्धतीला आज नावं ठेवायची फॅशन आहे, पण तिचं एक मोल मी कधीच कमी लेखणार नाही. वर्षातून निदान एकदा तरी मॅनेजरला प्रत्येक माणसाबद्दल लेखी काहीतरी मांडावंच लागतं. जो स्वतःहून पुढे येऊन बोलत नाही, मुकाट्यानं काम करतो, त्याचीही पाळी येते. बढती, बदली, कामावरून कमी करणं, यांवर वाद झाला तर हाताशी कागद असतो. अर्थात तो खरा असेल तरच. सलग तीन वर्षं 'उत्तम' लिहून चौथ्या वर्षी 'कामगिरी असमाधानकारक' म्हणून माणसाला काढलं, तर तोच कागद कंपनीवर उलटतो.

दुबळी बाजू मापाची आहे. स्टीव्हन स्कलन, मायकेल माउंट आणि मेनार्ड गॉफ या संशोधकांनी २००० मध्ये हजारो मॅनेजरांची रेटिंग तपासली. प्रत्येकाला साहेब, सहकारी आणि हाताखालची माणसं अशा अनेकांनी गुण दिले होते. गुणांमधल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग देणाऱ्याच्या स्वतःच्या कलामुळे आलेला निघाला, ज्याला गुण दिले त्याच्या कामामुळे नव्हे. कडक साहेबाचा 'तीन' आणि दिलदार साहेबाचा 'पाच' प्रत्यक्षात एकच असू शकतो. त्यात शेवटच्या दोन महिन्यांतलं तेवढं लक्षात राहतं. वर्षाच्या सुरुवातीला कुणी बुडता प्रकल्प सावरला असेल, तर फॉर्म भरताना ते कुणाला आठवत नाही.

वेळही थोडा जात नाही. डेलॉइट या सल्लागार कंपनीनं हिशेब केला तेव्हा फॉर्म, बैठका आणि रेटिंग यांवर वर्षाला जवळपास २० लाख तास खर्च होत होते.

सगळ्यात मोठी चूक मात्र पगार आणि सुधारणा एकाच बैठकीत उरकण्याची. जनरल इलेक्ट्रिकमध्येच झालेल्या अभ्यासावरून हर्बर्ट मेयर, इमॅन्युएल के आणि जॉन फ्रेंच यांनी १९६५ मध्ये लिहून ठेवलंय की टीका झाली की माणूस बचावात जातो, आणि जिथे जास्त टीका झाली तिथे नंतर सुधारणा कमी झाली. पगारवाढीचा आकडा समोर असताना कुणाच्या कानात दुसरं काही शिरत नाही. एकाच माणसानं एकाच तासात न्यायाधीशही व्हायचं आणि शिक्षकही, हे जमत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुम्ही वार्षिक रेटिंग ठेवणार असाल तर निदान या दोन बैठकांत काही आठवड्यांचं अंतर ठेवा. याला पैसा लागत नाही आणि फरक लगेच दिसतो.

वर्षभराचं बोलणं: चांगलं, पण मॅनेजरच्या जिवावर

ॲडोबीनं २०१२ मध्ये वार्षिक रेटिंग सोडून नियमित संवादाची पद्धत आणली. २०१५ मध्ये डेलॉइट आणि ॲक्सेंचर त्या वाटेला लागले, नंतर खुद्द जनरल इलेक्ट्रिकही. कल्पना साधी आहे: दर पंधरवड्याला वीस मिनिटं, समोरासमोर, कामाबद्दल.

ती वीस मिनिटं कशी जातात यावर सगळं आहे. 'काय, सगळं ठीक?' 'हो सर.' हे बोलणं नव्हे. याउलट हे ऐका: 'परवाच्या कॉलमध्ये तू आधी आकडे दाखवलेस आणि अडचण शेवटी सांगितलीस. ग्राहकाला वाटलं सगळं सुरळीत आहे. पुढच्या वेळी अडचण आधी सांग. आणि त्या टीमकडून माहिती उशिरा येते म्हणालास, त्यांच्याशी मी उद्या बोलते.' यात एक नेमका प्रसंग आहे, एक बदल आहे आणि मॅनेजरनं स्वतःच्या अंगावर घेतलेलं एक काम आहे. याची दोन ओळींची नोंद ठेवली की वर्षअखेरीला आठवणीवर विसंबावं लागत नाही.

अभिप्राय दिला की काम सुधारतंच, असं मात्र धरून चालू नका. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये ६०७ निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरीनं फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी उलट घसरली. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे गेलं की अभिप्राय मारक ठरतो. 'तू निष्काळजी आहेस' आणि 'या अहवालातली दोन कोष्टकं जुळत नाहीत' यांतला फरक मॅनेजरला शिकवावा लागतो, तो आपोआप येत नाही.

दुसरा धोका पैशाचा. रेटिंग गेलं तरी पगारवाढीची रक्कम वाटायची असतेच. मग मॅनेजर एक्सेलमध्ये स्वतःची यादी करतो, जी कर्मचाऱ्याला कधीच दिसत नाही. उघड रेटिंगवर निदान भांडता तरी येत होतं! फेसबुकनं २०१६ मध्ये रेटिंग टिकवण्याची बाजू मांडली तेव्हा हाच मुद्दा पुढे केला होता: लोकांना आपलं मूल्यमापन कसं होतंय हे दिसलं पाहिजे. डेलॉइटनंही आकडे पूर्णपणे टाकले नाहीत. टीम लीडरला त्यांनी चार प्रश्न दिले. पैसे माझे असते तर मी या माणसाला जास्तीत जास्त वाढ दिली असती का? तो माझ्या टीममध्ये कायम हवा आहे का? त्याची कामगिरी ढासळण्याचा धोका आहे का? तो आज बढतीला तयार आहे का? मला ही रचना आवडते. माणूस कसा आहे हे न विचारता, तुम्ही त्याच्याबाबतीत काय कराल हे ती विचारते, आणि त्याचं उत्तर मॅनेजर जास्त प्रामाणिकपणे देतो.

मग ठरवायचं कसं?

मॅनेजरचा वेळ मोजा. आठ जणांची टीम, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे पंधरवड्याला दोन तास चाळीस मिनिटं. जमण्यासारखं आहे. टीम पंचवीसची असेल तर हेच आठ तासांच्या वर जातं, म्हणजे पूर्ण एक दिवस. तो दिवस तुम्ही मॅनेजरला खरोखर मोकळा करून देणार नसाल तर तिसरी वाट धरू नका. पाळ्यांमध्ये काम चालतं आणि पर्यवेक्षकाची गाठही धड पडत नाही, तिथेही वार्षिक रेटिंगच बरं. फक्त पाचाऐवजी तीन श्रेणी ठेवा आणि सहा महिन्यांनी एक मधला आढावा घ्या.

टीम लहान आहेत, काम दर काही महिन्यांनी बदलतं आणि मॅनेजर अनुभवी आहेत, तर खुशाल संवादाकडे वळा. मॅनेजर कालपर्यंत टीममध्येच होते आणि आज त्यांना साहेब केलंय, तर आधी त्यांना बोलायला शिकवा, मग पद्धत बदला. कामगार संघटना असेल तर निर्णय झाल्यावर कळवू नका, मसुदा घेऊनच प्रतिनिधींकडे जा.

पद्धत कोणतीही असो, दाद मागायची सोय हवी, आणि ती थेट साहेबाकडे नको, दुसऱ्या कुणाकडे हवी. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ मध्ये न्यायनिवाड्यांच्या अभ्यासातून दाखवलं की आपलं म्हणणं मांडायला मिळालं तर निकाल विरुद्ध गेला तरी लोकांना प्रक्रिया न्याय्य वाटते. कार्यालयातही तेच दिसतं. कमी पगारवाढ माणूस सोसतो, पण 'कारण सांगता येणार नाही' हे ऐकून घेत नाही.

रेटिंग बंद करायचं ठरत असेल तर त्याआधी पगारवाढ कशावर ठरेल हे एका पानावर लिहा आणि सर्वांना वाचायला द्या: बाजारातला दर किती धरणार, मॅनेजरचं मत किती, कुणाची मंजुरी लागणार, तक्रार कुणाकडे करायची. हे पान लिहून होत नसेल, तर अजून एक वर्ष रेटिंग चालू ठेवा.