सात महिन्यांची ग्लू गन आणि दोन रुपयांची तार

गेल्या आठवड्यात नाशिकहून नणंदेचा मेसेज आला, "वहिनी, तुझ्याकडची ग्लू गन कशी आहे गं? घेऊ का?" नेमकी त्याच दिवशी आमची बंद पडली होती, त्यामुळे मी फोनवर जे काही बोलले ते छापण्यासारखं नव्हतं. आता दुरुस्त होऊन आली आहे आणि डोकंही जाग्यावर आहे, म्हणून नीट लिहिते.

गोंदाची कांडी आत वितळवून तोंडातून सोडणारी ही विजेची बंदूक, साठ वॉटची, अकरा मिलिमीटरच्या कांडीची, सगळीकडे मिळते तसली. कंपनीचं नाव लिहीत नाही. सगळ्यांच्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या दिसतात, आणि माझी तक्रार ज्या भागाबद्दल आहे तो बहुतेक सगळ्यांना तसाच असतो. गणपतीच्या आधी ऑनलाइन मागवली, पाच कांड्यांसकट तीनशे चाळीस रुपयांना. तीनशे चाळीस म्हणजे काही जीव जाण्याएवढी रक्कम नाही, पण आमच्या घरात फेव्हिकॉलचा रिकामा डबासुद्धा पाणी घालून हलवून वापरतात, तेव्हा हिशोब ठेवला गेलाच.

आधी कौतुक. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमचं मखर पुठ्ठ्याचं असतं. पुठ्ठा फेव्हिकॉलने चिकटवायचा म्हणजे एकेका जोडाला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी उठून बघायचं तर कमान वाकलेली. दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री घरात एकतरी भांडण कमानीवरून व्हायचं. यंदा गन पाच मिनिटं तापवली, थोरलीने पुठ्ठा धरला, मी घोडा दाबला, वीस आकडे मोजले, जोड पक्का. चार खांब, कमान, मागची प्रभावळ, सगळं एका संध्याकाळी झालं आणि रात्री साडेनऊला आम्ही जेवायला बसलो. आदल्या रात्री वेळेवर जेवलेलं मला तरी आठवत नाही.

हे कौतुक साधारण पाऊण तास टिकलं. मग स्टँड निसटला.

या गनच्या तोंडाखाली इंग्रजी यू आकाराची एक तार दोन भोकांत नुसती खोचलेली असते. ती पुढे केली की गन तिच्यावर टेकून उभी राहते, असं खोक्यावरच्या चित्रात दाखवलंय. प्रत्यक्षात वायरला जरा हिसका बसला, कुणाचं कोपर लागलं, किंवा नुसती कांडी मागून घातली, तरी तार भोकातून सुटते आणि गन नाकावर आपटते. नाक म्हणजे ज्यातून उकळता गोंद येतो ते. पहिल्याच दिवशी टेबलावरच्या मेणकापडाला आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक पडलं. जगातली प्रत्येक गोष्ट चिकटवायला निघालेल्या यंत्राला स्वतःचा पाय चिकटवून ठेवता येत नाही, हे माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते अजून निघालेलं नाही.

मी त्या तारेचे पाय पकडीने फाकवून पाहिले. चार दिवस राहिली. भोकात तिच्याच गोंदाचा थेंब सोडून तार बसवली, तर गन तापली की तो थेंबही मऊ होऊन तार बाहेर. (हे आधी सुचायला हवं होतं, कबूल.) शेवटी ग्राहक सेवेला फोन लावला. सहा महिन्यांची वॉरंटी आहे म्हटल्यावर पलीकडचा मुलगा फार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, गन चालू आहे ना? स्टँड ॲक्सेसरीमध्ये येतो, तो वॉरंटीत नाही." मी म्हटलं, पायाशिवाय खुर्ची विकून पाय ॲक्सेसरीत येतात म्हणाल का? त्याने तक्रार क्रमांक दिला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे, कृपया रेटिंग द्या. रेटिंग दिलं. एक.

आता ते एक मी तीन करणार आहे. त्याची कारणं पुढे येतील, पण त्याआधी कांड्यांचं सांगते, कारण गनपेक्षा जास्त पैसे कांड्यांत जातात आणि हे कुणी लिहीत नाही. सोबतच्या पाच कांड्या मखरातच संपल्या. मग मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले आणि स्वस्त दिसल्या म्हणून सात मिलिमीटरच्या पन्नास कांड्यांचं पाकीट घेऊन आले. सातची कांडी वीस वॉटच्या छोट्या गनला लागते. अकराच्या नळीत ती सैल बसते, पुढे सरकत नाही, आणि वितळलेला गोंद कडेने मागे येऊन घोड्याच्या खाचेत जमतो. दुकानदाराने विचारलंही होतं, "ताई, गन मोठी की छोटी?" मी रुबाबात म्हटलं, मोठी काय नि छोटी काय, गोंद तो गोंद. त्या पन्नासातल्या सेहेचाळीस अजून माळ्यावर आहेत. छोटी गन असलेलं कोणी ओळखीचं असेल तर सांगा, निम्म्या किमतीत देईन.

आणखी एक गैरसमज होता माझा. दर वेळी काम संपलं की इंच-दीड इंचाचा तुकडा आत राहतो, तो वाया जातो असं वाटून मी एकदा चिमट्याने ओढून काढायला गेले. असं करू नका. तो तुकडा पुढच्या वेळी नव्या कांडीने पुढे ढकलला जातो, वाया काही जात नाही. ओढलात तर मात्र अर्धवट वितळलेला गोंद मागच्या बाजूने येऊन घट्ट होतो आणि मग खरंच वाया जातो. विजेचं काही नाही, सलग दोन तास चालवली तरी युनिटचा आठवा हिस्सा.

दिवाळीत आमचा खरा सामना झाला, गन विरुद्ध आप्पा. सासरे गेली चाळीस वर्षं घरचा आकाशकंदील स्वतः करतात. बुरूड आळीतून कामट्या, पतंगी कागद, आणि मैद्याची खळ. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडत शिजवायची, आणि उतरवल्यावर झुरळांनी खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ते विषारी असतं, म्हणून त्या पातेल्याला मुलांनी हात लावायचा नाही आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात यायचं नाही. मी म्हटलं, आप्पा, या वर्षी गनने करू या, तासाभरात होईल. ते म्हणाले, "कर. मी बघतो."

सांगाडा खरोखर झटपट झाला. एरवी कामट्यांचा प्रत्येक जोड दोऱ्याने आवळून बांधायला त्यांची अख्खी दुपार जाते. इथे धाकटा कामट्या पुरवत होता, थोरली कोन धरत होती, आणि अर्ध्या तासात चांदणी उभी. कागदही गननेच लावला. दिवा लावला आणि थोरली म्हणाली, "आई, याला कांजिण्या झाल्यात." जिथे जिथे गोंद होता तिथे उजेडात काळपट ठिपके दिसत होते. खळीचा हात कागदाखाली पसरून दिसेनासा होतो, हा गोंद गोळ्यांनीच राहतो. वरून गन हलली की कोळ्याच्या जाळ्यासारखे जे धागे सुटतात ते कंदीलभर. धागे हेअर ड्रायरच्या गरम हवेने आकसून जातात, पण पतंगी कागदावर तो प्रयोग मी एकदाच केला.

तिसऱ्या दिवशी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, कंदिलाची वरची दोन टोकं सुटून आत पडली. आप्पांनी आत नेहमीचा साठ वॉटचा पिवळा बल्ब लावला होता. ज्या गोंदाला साठ वॉटने वितळवलं त्याला साठ वॉटच्याच बल्बशेजारी टांगलं, मग दुसरं काय होणार! आप्पा काही बोलले नाहीत. आत गेले आणि मैद्याचा डबा काढला. त्यांनी एक शब्द टाकून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

पण इथेच माझं मत फिरलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून तोच कंदील पुन्हा केला. जोड गनने नुसते टाचून घेतले, त्यावर आप्पांनी दोरा आवळला, कागद खळीने लावला आणि बल्ब नऊ वॉटचा एलईडी. गनने टाचलेली कामटी हलत नाही, त्यामुळे दोरा बांधायला दुसरा माणूस धरून बसावा लागत नाही. आप्पांचा हात हल्ली थरथरतो, गाठ मारताना कामटी निसटते आणि मग ते चिडतात. या वेळी चिडले नाहीत. कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला आणि उतरवताना ते म्हणाले, "पुढल्या वर्षी त्या बंदुकीच्या कांड्या आधी आणून ठेव." मी रेटिंग दोन केलं.

संक्रांतीला नणंदेच्या मुलाचं बोरन्हाण होतं, हलव्याचे दागिने करून आमच्याकडून जायचे होते. मी गन तापवायला ठेवली तशा सासूबाई म्हणाल्या, "ते पोर दागिना आधी तोंडात घालणार आहे, हे लक्षात आहे ना तुझ्या?" लक्षात नव्हतं. तरीही एक दाणा पुठ्ठ्यावर चिकटवून बघितला. गोंद धरतो तो हलव्याच्या काट्याला. बोट लावलं की काटा गोंदाला राहतो आणि दाणा बोडका होऊन हातात येतो. मग आईंनी शिकवलं तसे दाणे दोऱ्यात गाठी मारत गुंफले. एका हाराला दोन संध्याकाळी गेल्या, धाकट्याने गुंफले त्यापेक्षा जास्त खाल्ले. गन लागली ती फक्त मुकुटाच्या पुठ्ठ्याला आणि काळ्या झबल्याजवळ न येणाऱ्या जरीच्या काठाला.

स्टँडचा प्रश्न सुटला तोही याच दागिन्यांच्या पसाऱ्यात. गन तिसऱ्यांदा नाकावर आपटली, थेंब धाकट्याच्या अंगठ्यावर पडला. हा गोंद कातडीला चिकटून भाजतच राहतो, तो ओढून काढायचा नाही, आधी नळाखाली गार पाण्यात हात धरायचा. आम्ही तसंच केलं, बारीक फोड आला, बाकी निभावलं. तेव्हापासून शेजारी पाण्याचं भांडं असतं आणि घोडा फक्त मोठ्यांनी दाबायचा. आई उठल्या, ओट्याखालून लोखंडी खलबत्ता काढला आणि गन त्यात ठेवली. तोंड आत, पाठ काठावर टेकलेली. तीन-चार किलोचं ते धूड, वायरला मांजर अडकलं तरी हलत नाही. गळलेले थेंब तळाशी पडतात आणि गार झाले की शर्टाच्या बटणासारखे सुटून येतात. धाकट्याने तसली चाळीसेक बटणं एका डबीत साठवली आहेत. कशासाठी, विचारू नका.

आणि आता बिघाडाचं. पाडव्याच्या आधी गुढीच्या फुलांच्या पाटाला पुठ्ठ्याची नक्षी करत होतो आणि गन तापेचना. वॉरंटी संपून महिना झाला होता, त्यामुळे मी मनातल्या मनात त्या नम्र मुलाशी भांडून घेतलं. कोपऱ्यावरच्या मिक्सर दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी तीन स्क्रू काढले आणि मुठीपाशी वायर आतून तुटलेली दाखवली. "गरम असतानाच वायर गुंडाळून ठेवता ना?" ठेवत होते. दर वेळी, घट्ट, नीटनेटकी. चाळीस रुपये घेतले, आणि ती तार पाहून विचारलं, "हे काय, टाकून देऊ?" तिसरा तारा त्या चाळीस रुपयांचा. जी वस्तू कोपऱ्यावर उघडून दुरुस्त होते तिला मी दोनवर ठेवू शकत नाही. पण तारेसाठी कापलेले दोन तारे कापलेलेच राहणार.

पाडव्याच्या सकाळी श्रीखंडाला वेलदोडे कुटायला आईंना खलबत्ता हवा होता. आत दोन बटणं निघाली. त्यांनी ती नखाने उचलून माझ्या हातावर ठेवली, खलबत्ता घासला, पुसला आणि देवघराशेजारी उंचावर नेऊन ठेवला. म्हणजे तो आता मिळणार नाही. सध्या गन कुंडीखालच्या मातीच्या ताटलीत अर्धी वीट ठेवून तिच्यावर रेलून असते. ठीक आहे, पण खलबत्त्याची सर नाही.

हे सगळं नणंदेला सविस्तर लिहून पाठवणार तोच तिचा फोटो आला, "आली गं वहिनी!" खोकं उघडलेलं, गन टेबलावर आडवी, आणि बाजूला, अजून प्लगसुद्धा लावलेला नसताना, सुटून पडलेली तार.