मिनी ट्रॅक्टरला ‘जेसीबी’ जोडताय? सव्वातीन लाख घालवून कळलेली गोष्ट

मिनी ट्रॅक्टरला मागून बॅकहो, म्हणजे गावात सगळे ज्याला ट्रॅक्टरचा जेसीबी म्हणतात तो, घ्यायचा विचार असेल तर बयाणा देण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा: खोदताना बसणारा जोर ट्रॅक्टरच्या कुठल्या भागावर जाणार? ‘थ्री पॉइंटवर’, म्हणजे मागे अवजार अडकवायच्या तीन जोडांवर, असं उत्तर आलं किंवा त्याने बोलणं दुसरीकडे नेलं, तर तिथून उठून या. आम्हाला नेमकं इथेच फसवलं. सव्वातीन लाख तर गेलेच, पण माझा चुलतभाऊ त्या मशीनवर थोडक्यात वाचला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमची डाळिंबाची बाग सांगोला तालुक्यात आहे. शेततळ्यापासून उभ्या बागेतून नवी पाइपलाइन न्यायची होती. ओळींतलं अंतर चौदा फूट असलं तरी झाडं पसरल्यावर मधली वाट फार अरुंद होते. मोठा जेसीबी घातला की फांद्या मोडतात आणि ड्रिपच्या नळ्या चिरडतात. खाली कडक मुरूम, त्यामुळे कुदळीने चारी काढायला माणूस मिळत नाही. घरात २४ एचपीचा ट्रॅक्टर होताच. त्यालाच बकेट जोडली तर स्वतःचं काम होईल, पुढे नवीन लागवडीचे खड्डेही निघतील, असा हिशेब होता आणि तो हिशेब आजही मला बरोबर वाटतो. नीट बांधलेला बॅकहो हे लहान शेतकऱ्याच्या फार उपयोगाचं यंत्र आहे.

कृषी प्रदर्शनातल्या एका स्टॉलवर मशीन पाहिलं. ते सबफ्रेमवर बसवलेलं होतं: जाड प्लेटच्या दोन पट्ट्या ट्रॅक्टरच्या पोटाखालून थेट पुढच्या अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटपर्यंत गेलेल्या. आम्ही खाली वाकून ते पाहिलं, फोटो काढले. विक्रेता म्हणाला, “दादा, हेच मशीन तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाने बनवून देतो.” कोटेशनवर मात्र ‘बॅकहो अटॅचमेंट, फिटिंगसह’ एवढंच आलं. सबफ्रेम हा शब्द त्यात नव्हता. गाडी भरायच्या आधी पूर्ण रक्कम आरटीजीएस करायची, नाहीतर माल निघणार नाही, अशी अट होती.

माल उतरला तेव्हा फ्रेम नव्हती. सोबत आलेल्या फिटरने थ्री पॉइंटच्या खालच्या दोन दांड्या (लोअर लिंक) आणि वरची एक दांडी (टॉप लिंक) यांना पिना मारून बॅकहो अडकवला. विचारलं तर म्हणाला, “नवीन मॉडेल आहे, आता फ्रेम लागत नाही, काढायला-घालायला सोपं.” मालकाला फोन लावला तर तोही तेच म्हणाला. पैसे पोचलेले होते.

फ्रेम नसल्याने काय होतं ते समजून घ्या, कारण विक्रेते हे कधीच सांगत नाहीत. बहुतेक शेतीच्या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चेसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग हे बिडाचे डबे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तेच ट्रॅक्टरचा कणा असतात. नांगर किंवा रोटाव्हेटर ओढताना जोर कसा येणार, हे धरून ते बनवलेले असतात. बॅकहोचा जोर वेगळा. बकेट मुरुमात रुतवून आपल्याकडे ओढली की बॅकहोचा खालचा भाग मागे ओढला जातो आणि वरचा भाग ट्रॅक्टरकडे ढकलला जातो. तो सगळा दाब टॉप लिंकमधून मागच्या हाउसिंगवरच्या एका छोट्या ब्रॅकेटवर येतो, आणि तोही धक्क्याधक्क्याने. सबफ्रेम असली तर हाच जोर ट्रॅक्टरच्या लांबीभर वाटला जातो.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे ट्रॅक्टरची लिफ्ट फक्त वर उचलते, खाली दाबून धरत नाही. त्यामुळे बूम, म्हणजे बॅकहोचा मोठा हात, जमिनीवर दाबला की बॅकहो स्वतःच वर उचलला जाऊ शकतो. चालवणारा बसलेला असतो ट्रॅक्टरच्या पाठीला पाठ लावून, बॅकहोच्या सीटवर. टॉप लिंक वाकली किंवा तुटली तर तो बॅकहो आणि ट्रॅक्टरच्या मध्ये चेपला जातो. आमच्याकडे असंच होता होता राहिलं. मुरुमाच्या पट्ट्यात बकेट अडकली, भावाने लेव्हर ओढला आणि टॉप लिंक मधोमध वाकली. सीटसकट तो मडगार्डवर आदळला. इंजिन कमी रेसवर होतं म्हणून बरगडीला मुका मार लागण्यावर निभावलं.

लिंक बदलायला मिस्त्री आला तेव्हा दुसरं प्रकरण उघडं पडलं. टॉप लिंकच्या ब्रॅकेटखाली तेलाचा ओला पट्टा दिसत होता. होज पाइप गळत असेल असं आम्हाला वाटलं. मिस्त्रीने ती जागा डिझेलच्या फडक्याने पुसून कोरडी केली, खडूची पूड चोळली आणि ट्रॅक्टर चालू करायला सांगितला. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर केसाएवढी बारीक काळी रेघ उमटली, बोल्टच्या भोकापासून तिरकी खाली गेलेली. हाउसिंगला तडा गेला होता. ट्रॅक्टर वॉरंटीत होता, पण कंपनीने मंजूर न केलेलं अवजार लावल्यामुळे नुकसान झालं म्हणून क्लेम नाकारला. त्यांच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं आहे, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत काय आहे ते आधी वाचा आणि शोरूमकडून लेखी विचारून घ्या.

मग आम्ही बॅकहो उतरवून नीट तपासला. आर्मच्या, म्हणजे बकेट धरणाऱ्या पुढच्या हाताच्या, पिनेवर ग्रीस भरायचं निप्पल होतं, ग्रीस गन लावली तर ग्रीस आत जाईना. निप्पल खोलून पाहिलं तर खाली बुशला (पिन जिच्यात फिरते त्या नळीला) भोकच पाडलेलं नव्हतं. निप्पल नुसतं दिसण्यापुरतं बसवलं होतं. पिनेवर कानस मारली तर लोखंड सहज निघालं. हार्डन केलेल्या पिनेवर कानस घसरते. एका जॅकच्या (हायड्रोलिक सिलिंडरच्या) रॉडवर रंगाखाली जुने ओरखडे होते. नवा म्हणून विकलेला हा जॅक आधी कुठेतरी वापरलेला होता. हे प्रदर्शनातल्या रंगरंगोटीत दिसत नाही, पण निप्पल खोलायला आणि कानस लावायला पाच मिनिटं पुरतात, आणि खरा कारागीर त्याला हरकत घेत नाही.

खोलीच्या बाबतीतही असाच खेळ असतो. आम्हाला आठ फूट सांगितलं होतं. ते आठ फूट म्हणजे बूम आणि आर्म सरळ खाली सोडल्यावर बकेटच्या दाताचं टोक कुठवर जातं ते माप. प्रत्यक्षात सपाट तळाची चारी काढायला घेतली की त्यातली काही खोली कमी होते. कागदावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता समोर चारी काढायला लावा, तीही मऊ मातीत न काढता तुमच्यासारख्या जमिनीत, आणि सपाट तळाला टेप लावा.

वजनाचंही तेच. लहान ट्रॅक्टरच्या लिफ्टची क्षमता अनेकदा साडेसातशे किलोच्या आसपास असते, तीही लोअर लिंकच्या टोकाशी. बॅकहोचं वजन मागे लांब पसरलेलं असतं, त्यामुळे त्याचा भार आकड्यापेक्षा जास्त पडतो आणि पुढची चाकं हलकी होतात. पुढे वजनं लावल्याशिवाय रस्त्यावर काढूच नका. आणि हायड्रोलिकसाठी स्वतंत्र टाकी आणि पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा पंप असलेलं मशीन घ्या. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचं आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं. नव्या जॅकमधला आणि पाइपांतला कचरा त्या तेलातून थेट गिअरबॉक्समध्ये जातो.

विक्रेत्याने ‘अनुदानाची फाइल करून देतो’ म्हणून वेगळे पैसेही घेतले होते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर यांत्रिकीकरणाचं अनुदान हवं असेल तर आधी अर्ज, निवड झाल्यावर कोटेशन आणि यंत्राचा तपासणी अहवाल, मग पूर्वसंमती आणि त्यानंतर खरेदी, असा क्रम असतो. आधी घेतलेल्या मशीनला मागाहून अनुदान बसवून देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे. तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारायला एक पैसा लागत नाही.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांनी हे लक्षात ठेवा: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता परराज्यातला असला तरी. मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. विक्रेत्याच्या वकिलाने उत्तर दिलं की तुम्ही भाड्याने चालवायला, म्हणजे व्यापारी कारणासाठी, मशीन घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्या व्यापारी कारणात धरत नाहीत, हे कायद्यातच आहे. आमची खरी अडचण बिलाची आहे. त्यावर ‘शेती अवजार, नग १’ एवढंच आहे; मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. आज आमच्या बाजूला आहेत ते प्रदर्शनात काढलेले सबफ्रेमचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी आणि खडूवरच्या रेघेचा फोटो. म्हणून सबफ्रेम, मॉडेल, सिरियल नंबर, सपाट तळाची खोली आणि ट्रॅक्टरचं मॉडेल हे सगळं कोटेशनवर लिहून शिक्का मारून घ्या आणि काही रक्कम चालवून बघेपर्यंत हातात ठेवा.

ज्यांच्याकडे थ्री पॉइंटवरचा बॅकहो आधीच आहे, त्यांनी उद्याच टॉप लिंकचा ब्रॅकेट पुसून खडू लावून बघा. सबफ्रेम बसवून घेईपर्यंत कडक जमिनीत तो चालवू नका, आणि बॅकहोच्या सीटवर घरातल्या पोराला तर अजिबात बसू देऊ नका.