ड्युअल ओव्हरड्राइव्ह दोन वेगळ्या लूपमध्ये: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गिटारच्या पेडलबोर्डवर लूप स्विचर (प्रत्येक पेडल वेगळ्या फेऱ्यात, म्हणजे लूपमध्ये, जोडून बटणाने आत-बाहेर करणारी पेटी) असेल आणि ड्युअल ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारी दोन चॅनेल असलेलं पेडल) घ्यायचं मनात असेल, तर आवाजाचे व्हिडिओ बघण्याआधी त्या पेडलला किती जॅक आहेत ते बघा. एक इन आणि एक आउट एवढंच असेल, तर स्विचर ते पेडल अख्खं चालू करणार किंवा अख्खं बंद करणार. पहिलं चॅनेल, दुसरं, की दोन्ही, हे शेवटी पेडलवर पाय देऊनच ठरवावं लागतं. मग स्विचरवर खर्च केलेले पैसे निम्मे वाया.

या अनुभवातला बोर्ड असा: बॉसचा ईएस-५ स्विचर आणि वॅम्पलरचं ड्युअल फ्यूजन. ड्युअल फ्यूजनच्या पोटात वॅम्पलरच्याच दोन पेडलांची सर्किटं आहेत, युफोरिया आणि पेझ्ली ड्राइव्ह. इथे महत्त्वाचं हे की दोन्ही चॅनेलना स्वतंत्र इन आणि आउट आहेत, आणि छोट्या टॉगलने पहिलं-मग-दुसरं, दुसरं-मग-पहिलं किंवा पूर्ण वेगळी अशी निवड करता येते. स्विचरसाठी टॉगल 'वेगळी' या जागी ठेवायचा. तो चुकून हलला की आतली जोडणी बदलते आणि लूप गोंधळतात. रियाझाच्या खोलीतून बोर्ड उचलून नेताना टॉगल सरकतो, म्हणून त्यावर कागदी टेपचा तुकडा लावून ठेवलेला बरा.

जोडणीला चार मोनो पॅच केबल लागतात. लूप २ चा सेंड (स्विचरमधून आवाज बाहेर नेणारा जॅक) पहिल्या चॅनेलच्या इनला, त्या चॅनेलचा आउट लूप २ च्या रिटर्नला (परत आणणारा जॅक). लूप ३ आणि दुसऱ्या चॅनेलचं तसंच. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना २से, २रि, ३से, ३रि अशा चिठ्ठ्या लावा. सेंड-रिटर्न उलटे झाले तर त्या लूपपुरता आवाज गायब होतो, आणि अंधाऱ्या स्टेजवर चारही काळ्या केबल सारख्याच दिसतात.

या खटपटीचा खरा मोबदला क्रमात आहे. ईएस-५ मध्ये लूपचा क्रम प्रत्येक पॅचला (साठवून ठेवलेल्या मांडणीला) वेगळा ठेवता येतो. म्हणजे एका पेडलमधून चार आवाज मिळतात: फक्त पहिलं, फक्त दुसरं, पहिलं दुसऱ्यात, दुसरं पहिल्यात. शेवटचे दोन एकसारखे नसतात. कमी गेनचं चॅनेल आधी आणि जास्त गेनचं नंतर असेल, तर आधीच्याचा वाढवलेला आवाज पुढच्याच्या क्लिपिंगमध्ये (लाटेची टोकं कापली जाण्यात) जिरतो. व्हॉल्यूम फारसा वाढत नाही, सस्टेन आणि दाटपणा वाढतो. उलट क्रमात शेवटी कमी गेनचं चॅनेल येतं. त्यात अजून जागा शिल्लक असल्याने आवाज सरळ मोठा होतो, आणि त्या चॅनेलचा टोन सगळ्यावर चढतो.

म्हणून लेव्हल लावताना आधी दोन्ही चॅनेल एकेकटी वाजवून बायपासच्या (पेडल बंद असतानाच्या आवाजाच्या) बरोबरीला आणा. हेडफोनवर किंवा घरच्या आवाजात नाही, बँडबरोबर वाजवतो त्या आवाजात. कमी गेनच्या चॅनेलचा गेन ९ च्या आसपास (घड्याळात तासकाटा असतो त्या जागी), दुसऱ्याचा १२ वर, आणि मग एकत्र. एकत्र करताना कर्कश वाटलं तर पुढच्या चॅनेलचा टोन कमी करू नका, आधीच्याचा करा. पहिल्यातून आलेले वरचे सूर दुसऱ्यात क्लिप होऊनच तो कचकचाट होतो. उलट क्रमाचा पॅच सोलोसाठी ठेवला की व्हॉल्यूमची ती वाढ आयतीच कामाला येते.

सगळ्या ड्युअल पेडलांना चार जॅक नसतात. काहींना टीआरएस (टिप, रिंग आणि स्लीव्ह अशा तीन संपर्कांचे) जॅक असतात, उदाहरणार्थ कीलीचं डी अँड एम ड्राइव्ह. तिथे वाय केबल लागते: एका बाजूला स्टीरिओ पिन, दुसऱ्या बाजूला दोन मोनो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत याच पिना 'पी-३८ स्टीरिओ' आणि 'पी-३८ मोनो' म्हणून मागा, '६.३५ मिलिमीटर' म्हणून मागितल्या तर दुकानदार वर बघतो. टीआरएसची मांडणी दोन तऱ्हेची असू शकते. एकीत इनच्या जॅकवर दोन्ही चॅनेलचे इन आणि आउटच्या जॅकवर दोन्ही आउट. दुसरीत प्रत्येक जॅक एका चॅनेलचा, टिपवर इन आणि रिंगवर आउट किंवा उलट. माहितीपत्रक हरवलं असेल आणि पेडल ट्रू बायपास (बंद असताना इन थेट आउटला जोडणारं) असेल तर मल्टिमीटरने शोधता येतं. पहिलं चॅनेल बंद, दुसरं चालू ठेवा, दोन्ही वाय केबल लावा आणि मोनो पिनांची टोकं एकमेकींशी तपासा. ज्या दोन टोकांमध्ये बीप येतो ती पहिल्या चॅनेलची इन-आउट जोडी.

एक फसवी गोष्ट: साध्या पेडलच्या इन जॅकलाही बऱ्याचदा तीन संपर्क असतात. ती बॅटरी चालू-बंद करण्याची सोय असते, रिंगवर बॅटरीची ऋण बाजू जोडलेली असते. झाकण उघडून स्टीरिओ जॅक दिसला म्हणून चॅनेल वेगळी होतील असं समजू नका.

वाय केबलचा मोठा त्रास म्हणजे शिट्टी. दोन्ही चॅनेल एकत्र लावून गेन वाढवला की बारीक, चढती किंचाळी सुरू होते आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला तरी थांबत नाही. पेडल बिघडलेलं नसतं. एकाच जॅकवर दोन्ही इन असतील, तर दुसऱ्या चॅनेलच्या इनकडे जाणारी तार पहिल्याचा वाढवलेला आवाज वाहत असते, आणि ती पहिल्याच्या इनच्या तारेला खेटून असते. दोन तारांमधल्या कपॅसिटन्समधून आवाज मागे झिरपतो आणि फेरा पूर्ण होतो. एकाच जाळीखाली (तारेभोवतीच्या धातूच्या विणीखाली) दोन तारा असलेली माइकची केबल वापरली की हे हमखास होतं. प्रत्येक तारेला स्वतःची जाळी असलेली जुळी केबल घ्या, लांबी ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा, आणि पिनमध्ये सोल्डर करताना टिप-रिंगच्या उघड्या तारा ४-५ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका. एवढ्याने शिट्टी गेली नाही असं क्वचितच होतं.

पेडलवरची स्वतःची दोन्ही बटणं कायम चालू ठेवायची. जुन्या पद्धतीचं खटकन वाजणारं बटण असेल तर वीज गेली-आली तरी ते चालूच राहतं. रिले किंवा सॉफ्ट स्विचची बरीच पेडलं मात्र वीज आल्यावर बायपासमध्ये उठतात. मग पॅच लावला तरी आवाज स्वच्छच राहतो आणि माणूस स्विचर उचकटत बसतो. काही मॉडेलांत बटण दाबून ठेवून वीज लावली की उठतानाची स्थिती बदलता येते. ती सोय नसेल तर साउंडचेकला पहिलं काम म्हणजे पेडलचे दिवे बघणं.

हम आणि वीज. स्विचरमध्ये प्रोसेसर असतो. त्याला आणि ओव्हरड्राइव्हला एकाच माळेच्या केबलवरून वीज दिली तर गेन चढवल्यावर मागे बारीक कुईकुई ऐकू येते. दोघांना आयसोलेटेड सप्लायचे (ज्याची आउटलेट एकमेकांपासून विजेने तुटक असतात) वेगवेगळे आउटलेट हवेत, मध्य ऋण, ९ व्होल्ट. स्विचरचं आउटलेट ५०० मिलिअँपिअरचं असलं की निश्चिंत. ड्राइव्हला थोडीच वीज लागते. ड्राइव्ह १८ व्होल्टवर चालवायचा मोह असेल तर तो प्लग वेगळ्या रंगाचा करा, कारण तोच प्लग चुकून स्विचरमध्ये गेला तर महागात पडेल.

आयसोलेटेड सप्लाय असूनही ५० हर्ट्झचा जाड हम राहिला तर कारण बहुधा जाळ्यांचा फेरा असतो. एका पेडलपासून स्विचरपर्यंत चार केबल, चारींच्या जाळ्या दोन्ही टोकांना जमिनीला. मधली मोकळी जागा जितकी मोठी, तितकं ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र त्यात अडकतं. चारही केबल एकत्र बांधून सप्लायपासून लांबून न्या. तरी भागलं नाही तर एखाद्या रिटर्न केबलची जाळी फक्त पेडलच्या टोकाला सोडवा. उरलेल्या तीन केबलमधून जमीन मिळतच राहते.

पॅच बदलताना 'टक्' असा आवाज येण्याचं कारण वेगळं. लूप बंद असताना पेडलचा इन किंवा आउट अधांतरी राहतो, तिथल्या कपॅसिटरवर हळूहळू व्होल्टेज साठतं, आणि रिले जोडताच ते एकदम सुटतं. पहिल्या दाबाला मोठा आणि लगेच पुन्हा दाबलं तर बारीक टक् येत असेल तर हेच. इन आणि आउटपासून जमिनीला १ मेगाओमचा रेझिस्टर लावला की जातो. हातात सोल्डरिंग गन धरणाऱ्याला दहा मिनिटांचं काम, पण वॉरंटीचा विचार करून.

बफरबद्दल थोडक्यात: स्विचरचा इनपुट बफर (लांब केबलमध्ये आवाज मंद होऊ न देणारं सर्किट) चालू ठेवा, ओव्हरड्राइव्हला त्याने बाधा येत नाही. फझ फेसच्या जातीचं पेडल बोर्डवर असेल तर मात्र त्याच्या पॅचला बफर बंद आणि फझ सगळ्यांत आधी.

आठ महिन्यांत सर्वांत जास्त त्रास दिला तो केबलनी. स्क्रूने आवळायच्या, सोल्डर नसलेल्या पॅच केबल पावसाळ्यात तीन वेळा कचकचल्या: दोनदा स्क्रू सैल, एकदा पिनवर काळी पुटं. कोकण-गोव्याच्या दमटपणात हे आणखी लवकर होईल. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पिना पुसणं आणि महिन्यातून एकदा स्क्रू आवळणं, एवढी सवय लागते. शेवटी चारही केबल सोल्डरच्या केल्या, तेव्हापासून शांत आहे.

पाचच लूप असतील तर दोन एकट्या ड्युअलला देणं परवडतं का, हा प्रश्न उरतो. ज्या ड्युअल पेडलांना रिमोटचा टीआरएस जॅक असतो, त्यांना स्विचरच्या कंट्रोल आउटमधून एका केबलने दोन्ही चॅनेल हाताळता येतात आणि एकच लूप खर्च होतो. मात्र तिथे क्रम बदलता येत नाही. शिवाय पेडलला क्षणिक दाब हवा असताना स्विचर लॅच (दाब धरून ठेवणं) देत असेल, तर दर दुसऱ्या पॅचला चॅनेल उलटं राहतं. स्विचरमध्ये ते आउटपुट 'मोमेंटरी' करून घ्या. उलट क्रमाचा आवाज वाजवण्यात नसेल तर हाच रस्ता धरा. तो हवा असेल तर लूप १ ला कॉम्प्रेसर, २ आणि ३ ला ड्युअल, ४ ला कोरस आणि ५ ला डिले.